गैरहजरांची हजेरी

निवृत्त झाल्यावर घरातलं एक काम कायमचं माझ्याकडे आलं, ते दळणाचं. बायको, लिंगम्मा, ज्वारी निवडून डबा भरून दारात ठेवते आणि मी तो सायकलच्या कॅरियरला बांधून सुधारानीच्या गिरणीवर नेतो. कर्नाटकातल्या आमच्या हुलसूरच्या मराठी शाळेत मी पस्तीस वर्षं शिकवलं आणि सुधारानीला दोन वर्षं बाकावर उभं केलं, कारण ती वर्गात फार बोलायची. आता दर शनिवारी ती मला रांगेत बसवते.

"सर, तुमच्याआधी दोन डबे हायत. बसा त्या पोत्यावर. पण कडंला, मधलं फाटलंय."

ती आता बेचाळीस वर्षांची आहे. ठेंगणी, अंगानं भरलेली. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून तिचा आवाज असा झालाय, की चर्चमध्ये ती कुजबुजली तरी बाहेर लिंबाखाली ऐकू येतं. भुवयांवर कायम पीठ. ज्वारीची मूठ नाकाशी नेऊन ती सांगते, "ओल हाय सर हिला, अजून एक ऊन द्या." मूठभर धान्यावरून घरातलंही तिला कळतं. डब्यात ज्वारीबरोबर गहू आले की पाहुणे आलेत, आणि डबा अर्धाच आला की कुणीतरी गाव सोडून गेलंय.

गाव सोडून जाणाऱ्यांचा हिशेब तिच्याइतका कुणी ठेवला नसेल.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं पंचवीस-तीस. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं चर्च आहे. पास्टर बसवकल्याणहून येतात. त्यांच्याकडे तीन गावं, त्यामुळे उपासना झाली की ते पुढच्या गावाला निघतात. मग तरुण पोरापोरींचं काय करायचं, ते सुधारानी बघते. रविवारी दुपारी चार वाजता चर्चच्या ओट्यावर ती त्यांना जमवते. गाणी होतात, एखादा उतारा वाचतात, त्यावर भांडतात, प्रार्थना करतात. तिला ना पगार आहे ना पद. पोरं 'अक्का' म्हणतात, तेवढंच.

मी बसवण्णांना मानणाऱ्या लिंगायत घरातला. चर्चमध्ये जायला लागलो ते फॉर्मांमुळे. मराठी शाळेत शिकलेल्या या पोरांना कन्नडमधले अर्ज भरताना घाम फुटतो. सुधारानी एकदा दळण देता देता म्हणाली, "सर, घरी बसून काय करायलाव? रविवारी अर्धा तास या की." तेव्हापासून मी जातो. माझं काम अर्ध्या तासात संपतं, पण मी पुढेही बसून राहतो, आणि त्याचं कारण म्हणजे तिची हजेरी.

तिच्या वहीत एकवीस नावं आहेत. समोर बसलेले आठ, फार तर नऊ. बाकीचे पुण्यात, हैदराबादेत, कलबुर्गीत. वही उघडली की सुधारानी समोरच्यांची नावं घेतच नाही, जे आलेले नाहीत त्यांचीच घेते. आलेल्या प्रत्येकाकडे अशी एक-दोन नावं सोपवलेली असतात. नाव पुकारलं की त्यानं उठून त्या माणसाची खबर सांगायची.

मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी तिनं पुकारलं, "तानाजी?"

शिवकन्या नावाची बारावीतली मुलगी उठली. "पुण्यात हाय. बरा हाय."

"बरा हाय म्हंजे? बरा तर आमचा रेडा पण हाय. काय जेवला ते सांग."

"मेस बंद केलीय त्यानं. खोलीवर भात लावायलाय. पयल्या दिवशी करपला."

"हां. आता झाली खबर. बस." आणि डोळे मिटून, त्याच खणखणीत आवाजात, "प्रभू, तानाजीचा भात नीट शिजू दे."

कुणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

'बरं हाय' चालणार नाही, हा तिचा नियम. काय जेवला, कुठं झोपतो, कुणाशी बोलला, यातलं काहीतरी हवं. मी तिला विचारलं, हे कुठून सुचलं? ती म्हणाली, "तुमच्याकडनं चोरलंय सर. तुम्ही हजेरी घेताना गैरहजर पोराच्या शेजाऱ्याला विचारायचा, कामून आला न्हाई म्हणून." मला ते आठवतही नव्हतं. मग गिरणीचा पट्टा सारखा करता करता तिनं दुसरंही कारण सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी, वडील वारल्यावर, तिला सोलापूरला मावशीकडे पाठवलं होतं. तिथं ती दोन वर्षं टॉवेलच्या कारखान्यात राबली. नाताळाला परत आली, चर्चमध्ये आपल्या नेहमीच्या जागी बसली, तर पुढची बाई वळून म्हणाली, "कुणाकडं पाव्हणी आलीयस गं?"

"दोन वर्षं मी न्हवते, हे कुणाच्या ध्यानातच न्हवतं सर," ती म्हणाली आणि गिरणी चालू केली. पुढचं बोलणं पट्ट्याच्या आवाजात गेलं.

तर अशा या वहीत पहिलं नाव विजयश्रीचं होतं.

विजयश्री ही भागम्माची मुलगी. भागम्मा दुसऱ्यांच्या तुरीत, करडईत रोजानं जाते. नवरा नाही. मुलगी हुशार, शांत. अक्षर सुंदर, पण एकदा चूक झाली की तिला सगळं पान फाडायची सवय. मी तिला दोनदा रागावलो होतो त्यावरून. दोन वर्षांपूर्वी तिला कलबुर्गीत नर्सिंगला प्रवेश मिळाला. त्या रविवारी ओट्यावर केवढा आनंद! पोरांनी आपसात मिळून तिला पांढरे बूट घेतले. सुधारानीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि वहीत लिहिलं: 'विजयश्री – नर्सिंग, कलबुर्गी.' मग तिला वाटलं, एकीच्याच पुढं कामून, म्हणून सगळ्यांच्या नावापुढं लिहिलं. कंपनी, आयटीआय, हॉटेल, डिप्लोमा. हजेरी घेताना ती तेही वाचायची. विजयश्रीची खबर सांगायचं काम तिनं स्वतःकडे ठेवलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मग फोन आखूड होत गेले. सुधारानी गिरणीवर भागम्माला विचारायची. भागम्मा म्हणायची, "बरी हाय बघ. लई अभ्यास म्हणं." आणि रविवारी सुधारानी ओट्यावर सांगायची, "विजयश्री, नर्सिंग. बरी हाय. अभ्यास लई हाय." ती काय जेवली, हे अक्काला कोण विचारणार?

असे चार महिने गेले. दिवाळीनंतरच्या रविवारी ती हे सांगून पुढच्या नावाकडे वळली, तर राजशेखरनं हात वर केला. हा डिप्लोमा झालेला मुलगा, नोकरीच्या मुलाखतीसाठी कलबुर्गीला जाऊन आला होता.

"अक्का, बोलू का? राग येईल तुम्हाला."

"बोल की."

"विजयश्री नर्सिंगला न्हाई. साडीच्या दुकानात हाय, मोठ्या बाजारात. मी बघितलंय. मला बघून आत पळाली."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सुधारानीनं वर पाहिलं नाही. थोडा वेळ तिचं बोट त्याच नावावर राहिलं. मग तिनं वही मिटली. "आज एवढंच. जावा घरला." त्या दिवशी प्रार्थना झाली नाही.

शनिवारची वाट न बघता मी दुसऱ्याच दिवशी गिरणीवर गेलो. ती दगडाला टाकी लावत बसली होती. दगड गुळगुळीत झाला की दळण नीट पडत नाही, मग छिन्नीनं त्याला पुन्हा खडबडीत करावं लागतं. एकेक घाव मोजून घालत होती.

"चार महिने खोटी हजेरी लावली सर मी."

"तुला माहीत नव्हतं."

"म्हणूनच तर खोटी." तिनं छिन्नी खाली ठेवली. "भागम्माला पण म्हाईत न्हाई. काल संध्याकाळी तिच्या तोंडाकडं बघितलं, बिचारी काय लपवत न्हाई. आता मी सांगितलं तर आई रडत जाईल तिकडं, आणि पोरगी तिथून पण उठंल. मग कुठं हुडकायची? राजशेखरला बघून आत पळाली. मला बघून पळाली तर परत हाती लागणार न्हाई सर ती."

बुधवारी माझी डोळ्याची तपासणी होती कलबुर्गीला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची. ती म्हणाली, मीपण येते. बुधवारी सकाळी गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, 'आज गिरणी बंद.' लोक थांबून थांबून वाचत होते. सासू वारली तेव्हासुद्धा तिसऱ्या दिवशी गिरणी चालू झाली होती.

बसमध्ये तिच्या मांडीवर पिशवी होती. तीत फडक्यात बांधलेल्या भाकरी, शेंगाची चटणी आणि ती वही. हुमनाबादपर्यंत ती विजयश्रीला काय काय बोलणार, ते मला ऐकवत होती, आणि माझ्याबरोबर निम्मी बस ऐकत होती. "आमच्या तोंडाला काळं फासलंस म्हणीन. बूट परत दे म्हणीन." पुढच्या सीटवरची म्हातारी वळून म्हणाली, "लई मारू नका पोरीला." हुमनाबादला चहा झाला आणि त्यानंतर कलबुर्गीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

डोळ्यांचं काम उरकून आम्ही बाजारात गेलो. चौथ्या दुकानापाशी सुधारानी थांबली. गादीच्या कडेला चपलांची रांग होती, आणि त्यात एक पांढरा बुटांचा जोड, कडा पिवळ्या पडलेल्या.

आत विजयश्री साड्या उलगडत होती. समोर उमरग्याकडच्या चार बायका, लग्नाचा बस्ता. त्यांच्याशी ती मराठीत बोलत होती, मालकाला कन्नडमध्ये किंमत विचारत होती आणि वरून गठ्ठे टाकणाऱ्या माणसाला दखनीत म्हणत होती, "वो नहीं चाचा, उसके बाजू की." हात झरझर चालत होते. मी तिला वर्गात इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

तिनं आम्हाला पाहिलं आणि तिचा हात साडीवरच थांबला. नजर आतल्या दाराकडे गेली.

"अगं, पदर दाखव की," एक बाई म्हणाली. "का घडीतनंच बघायचा?"

गिऱ्हाईक सोडून तिला उठता येईना. तिनं पदर दाखवला. सुधारानी गादीच्या टोकाला जाऊन बसली, गिऱ्हाईकासारखी, गप्प. अर्धा तास ती गप्प होती, आणि हे मी स्वतः बघितलं नसतं तर खरं मानलं नसतं. बस्ता संपला, बायका पैसे द्यायला उठल्या. विजयश्री घड्या घालत आमच्यासमोर आली. मान खाली.

"काय दाखवू अक्का?"

बसमधलं सगळं भाषण सुधारानीच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं. मग तिनं विचारलं, "सकाळपासून काय जेवलीस?"

"चहा."

"चल, ऊठ."

मालक भला माणूस होता, पंधरा मिनिटं दिली. दुकानामागच्या पायरीवर त्या दोघी बसल्या. मी थोडा लांब उभा राहणार होतो, पण सुधारानीचा आवाज तिथं काही लांब राहू देत नाही. विजयश्रीनं पहिली भाकरी न बोलता खाल्ली. मग सांगितलं. दोन पेपर गेले. तिथं सगळं इंग्लिश आणि कन्नड. रात्रंदिवस पाठ केलं, तरी वॉर्डात काही विचारलं की शब्द मराठीत आठवायचे. दुसऱ्यांदाही गेले. मग तिनं ते सोडलं.

"कामून सांगितलं न्हाईस? मी काय खाल्ली असती का तुला?"

"शिवकन्या फोनवर सांगायची, आज पण तुझं नाव पयलं वाचलं म्हणून. विजयश्री, नर्सिंग. दर रविवारी तुम्ही वाचायलाव, मग प्रार्थना करायलाव." ती भाकरीचा तुकडा बोटांत चुरत होती. "ती वहीतली विजयश्री बरी व्हती अक्का. मी तशी न्हवते. मी आले असते तर तिचं काय झालं असतं?"

मला तिची फाडलेली पानं आठवली.

सुधारानीनं पिशवीतून वही काढली, पेन तिच्या हातात दिलं. "माझी चूक झाली बघ. नाव लिहून थांबायचं व्हतं. घे, तुझ्या नावापुढं काय पायजे ते तू लिही."

विजयश्रीनं पान पाहिलं. 'नर्सिंग, कलबुर्गी' वर एक आडवी रेघ मारली आणि पेन परत दिलं. "नुसतं नाव ऱ्हाऊ द्या."

"रविवारी ये."

"रविवारी लई गिऱ्हाईक असतंय अक्का. मला सुट्टी मंगळवारी."

"मग आईला?"

"आईला मी सांगीन. तुम्ही सांगू नका."

"न्हाई सांगत. पण लवकर सांग बाई. तुझी आई माझ्याकडं दळायला येती, आणि मला तोंड बांधून दळता येत न्हाई."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली, जरासं.

परतीच्या बसमध्ये सुधारानीनं वही मांडीवर घेतली आणि बाकीच्या वीसही नावांपुढचं एकेक खोडलं. कंपनी गेली, डिप्लोमा गेला. बस आदळली की रेघ वाकडी जायची.

पुढच्या रविवारी तिनं पास्टरांना गाठलं. महिन्यातून एकदा तरुणांची सभा मंगळवारी घ्यायची, असं तिचं म्हणणं. पास्टर म्हणाले, "रविवार सोडून? लोक काय म्हणतील?"

"साहेब, शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी येशूच्या शिष्यांनी भूक लागली म्हणून कणसं मोडलीच की. आमची पोरं दुकानात, हाटेलात, दवाखान्यात. त्यांचा रविवार मंगळवारीच येतोय. काय करावं?"

पास्टर हसले. "गिरणीवालीला बरोबर कणसंच आठवतात." आणि हो म्हणाले.

पहिला मंगळवार डिसेंबरातला. सुधारानीनं एकवीसही जणांना फोन केले. संध्याकाळी चारला ओट्यावर बारा जण जमले. बसवकल्याणच्या हॉटेलात काम करणारे दोघं होते. बिदरच्या दवाखान्यातली एक होती, तिला मी तीन वर्षांत प्रथमच पाहिलं. विजयश्री नव्हती. कलबुर्गीहून येणारी गाडी तीनलाच येऊन गेली होती. मी रस्त्याकडे पाहत होतो. सुधारानी पाहत नव्हती, मुद्दाम.

साडेचारला तिनं वही उघडली.

"विजयश्री."

कुणी उठलं नाही, कारण ते नाव अक्काकडे होतं.

"मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "परवा फोन केला, उचलला न्हाई. आज गाडीतनं उतरली न्हाई. काय जेवली, कुठं हाय, म्हाईत न्हाई. चार महिने मी तुम्हाला खोटं सांगितलं. आजपासून म्हाईत नसलं तर म्हाईत न्हाई म्हणायचं. मी पण, तुम्ही पण." तिनं पुढचं नाव घेतलं. "तानाजी?"

शिवकन्या उठली. नवा नियम तिला लगेच कामाला आला. "म्हाईत न्हाई अक्का. पंधरा दिवस फोन लागंना झालाय."

"त्याचा मोबाईल फुटलाय," मागून आवाज आला.

आम्ही सगळे वळलो. फाटकाशी विजयश्री उभी होती, आणि तिच्या मागं भागम्मा, हातात झाकलेलं पातेलं. ती तीनच्याच गाडीनं आली होती, पण अलीकडच्या फाट्यावर उतरून आधी शेतात गेली होती, आईकडे. दोघींचे डोळे सुजलेले होते. बूट तांबड्या मातीनं भरले होते.

"नवीन नंबर माझ्याकडं हाय," ती ओट्याशी येत म्हणाली. "काल बोलला. भात आता करपत न्हाई म्हणला, आता वरण करपायलंय."

सगळे हसले. हसू थांबल्यावर सुधारानीनं तिच्याकडे रोखून पाहिलं.

"तुला कसं म्हाईत?"

"आम्ही बोलतोय की आपसात. जे येत न्हाईत ते." विजयश्री जरा घुटमळली. "जे तुम्हाला सांगायला भ्या वाटायचं, ते एकमेकाला सांगायचं."

वहीत आणखी सात गैरहजर होते. सुधारानीनं एकेक नाव घेतलं आणि सातांपैकी पाचांची खबर विजयश्रीनं उभ्याउभ्या सांगितली. कोण कुठल्या खोलीत राहतो, कुणाला काविळीनंतर तिखट बंद झालंय, कोण नोकरी सुटल्याचं घरी बोललेला नाही पण नाताळाला येऊन सांगणार आहे. उरलेल्या दोघांविषयी ती म्हणाली, "म्हाईत न्हाई." सुधारानीनं मान हलवली आणि वही पुढं केली.

"ही तू ठेव. मी दळते, तू हजेरी घे. महिन्यातला एक मंगळवार तुझा."

"मी? नापास झालेली?"

"वहीत नापास-पास कुठं लिवलंय? बघ."

विजयश्रीनं खरंच उघडून पाहिलं. खोडलेल्या वाकड्यातिकड्या रेघा आणि नावं. ती वही तशीच घेऊन शिवकन्याच्या शेजारी बसली.

भागम्मा माझ्याजवळ ओट्याच्या कडेला टेकली. पातेल्यात हुग्गी होती, गव्हाची खीर, अजून कोमट. पदरानं तोंड पुसून ती हळूच म्हणाली, "सर, माझी पोरगी नापास झाली बघा."

मी नुसती मान हलवली.

"पण दुपारी शेतात माझ्यासंगट तीन भाकरी खाल्ल्या तिनं," भागम्मा म्हणाली आणि पोरांना हुग्गी वाढायला उठली.